कापसाच्या खोलीतलं विमान

आमच्या घरात दिवाळीनंतर माणसांना जागा उरायची नाही. दोन खोल्या, वर पत्र्याची टिनं. मागच्या खोलीत चूल आणि भांडी, पुढच्या खोलीत कापूस. दसरा झाला की वेचणी सुरू व्हायची आणि गाठोड्यामागून गाठोडं पुढच्या खोलीत रितं व्हायचं. आधी कोपऱ्यात ढीग, मग भिंतभर, मग उंबऱ्यापर्यंत. संक्रांतीच्या सुमारास ढीग खिडकीच्या वर जायचा आणि आई, बाबा आणि मी, तिघंही त्याच्यावरच झोपायचो. शहरातल्या लोकांना हे सांगितलं की त्यांना फार मऊ मऊ वाटतं. मी त्यांना म्हणते, एक रात्र झोपून पाहा. अंगाला खाज सुटते, नाकात तंतू जातात, सकाळी उठलं की शाळेत जाणारी पोरगी म्हातारी दिसते. माझ्या वह्यांनाही तंतू चिकटलेले असायचे आणि पेनाची शाई त्यांच्यावरून पसरायची. आमचे गुरुजी एकदा वही उचलून म्हणाले होते, ही वही आहे की उशी.

बाबा कापूस लगेच विकायचे नाहीत. दिवाळीला सगळ्यांचा कापूस एकदम बाजारात येतो, भाव पडतो. थांबलं तर चढतो, कधी नाहीही चढत. थांबायचं तर ठेवायला जागा पाहिजे, आणि जागा म्हणजे ती एकच खोली. बाबा चौथी शिकलेले, आई शाळेत गेलेलीच नाही. घरची वेचणी झाली की आई दुसऱ्यांच्या वावरात वेचायला जायची. रविवारी मीही जायची. आमच्या दोघींत चपलांचा एक जोड होता. ज्या दिवशी मी शाळेत, त्या दिवशी आई अनवाणी.

दुपारी वावरावरून एक विमान जायचं. फार उंचावरून, चांदीच्या टाचणीएवढं. मावळतीकडून यायचं आणि नागपूरच्या बाजूला जायचं. मी मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहायची. आई पुढच्या ओळीतून, माझ्याकडे न पाहताच म्हणायची, "मान वर केली का हात थांबते, बाई." तिचं खरं होतं. वेचणीची मजुरी वजनावर. संध्याकाळी काट्यावर माझं गाठोडं नेहमी हलकं भरायचं.

मी बी.एस्सी.ला यवतमाळला गेले त्या वर्षी बाबांनी कापूस होळीपर्यंत धरून ठेवला होता. भाव चांगला मिळाला. गावातले म्हणत होते, टिनं बदला, पोरीला शिकवून ती शेवटी दुसऱ्याच्याच घरी जाणार. बाबांनी टिनं बदलली नाहीत. पुढची तीन वर्षं पावसाळ्यात आई भांडी ठेवून गळती झेलत होती आणि मी होस्टेलच्या कोरड्या खोलीत अभ्यास करत होते. दर सोमवारी सकाळच्या एसटीनं मी जायची आणि दुपारी होस्टेलच्या फोनवर बाबांचा फोन यायचा. "पोचली काय?" मी हो म्हटलं की फोन बंद. तीन वर्षांत त्या फोनवर ते दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

मी पोचले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. नंतर एम.एस्सी., बी.एड. केलं आणि आता मी आमच्या गावाजवळच नेरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. माझ्या पगारातून घरावर स्लॅब पडला, दोनाच्या तीन खोल्या झाल्या, मागची खोली आईबाबांना झोपायला झाली. आणि दिवाळीनंतर कापूस पुन्हा पुढच्याच खोलीत आला. ज्या ढिगानं मला शिकवलं त्याला बाहेर काढा म्हणायचं तोंड मला नव्हतं.

विमानाचं वेड मात्र लहानपणापासून तसंच राहिलं होतं. अकरावीच्या वर्गात पंखाला वर उचलणारं बल शिकवायचं असतं. फळ्यावरची ती आकृती मी दरवर्षी काढायची आणि दरवर्षी मला वाटायचं, हे आपण पाठ केलंय, पाहिलेलं नाही. मग इंटरनेटवर शोधताना मला विमान उडवायचं सॉफ्टवेअर सापडलं. लोक त्याला गेम म्हणतात. तो गेम नाही. त्यात खऱ्या विमानातली घड्याळं असतात, खरे नकाशे, खरे विमानतळ. चुकलं तर विमान पडतं आणि का पडलं ते कळतं. पेपर सेट करायला घेतलेला एक जुना कम्प्युटर घरी होताच. प्लग पुढच्या खोलीत होता, म्हणून तोही पुढच्या खोलीत, कापसाशेजारी. मी खऱ्या विमानात अजून एकदाही बसलेले नाही, पण त्या खुर्चीत बसून मी यवतमाळच्या धावपट्टीवरून उठायला शिकले.

उठायला शिकले, उतरायला नाही. नागपूर जवळ आलं, खाली घरं दाटली, समोर धावपट्टीची रेघ दिसली की पडद्यावरचं चित्र धापा टाकायला लागायचं. एक झटका, दुसरा झटका, मग सगळं थिजायचं. विमान हवेत टांगलेलं आणि मी खुर्चीत. पाऊण तासाची मेहनत वाया.

बाबा संध्याकाळी वावरातून आले, हातपाय धुतले की बाजेवर बसून पाहायचे. आधी त्यांना हे काही झेपेना. मग एकदा मी त्यांना सांगितलं, हे यवतमाळ, इथून मी नागपूरला चालले. तेव्हापासून रोज एकच प्रश्न. "पोचलं काय?" मी नाही म्हणायची. दोन वर्षं मी नाही म्हणत होते. गावातही ते पसरलं होतं. पारावरचे त्यांना विचारायचे, काय काकाजी, पोरीचं विमान कुठवर आलं? एकजण म्हणाला, एसटीनं पाठवा, तीन घंट्यात पोचते. बाबांनी मला हे हसत सांगितलं, पण मला त्यातलं कुसळ टोचलं. टिनं बदला म्हणणाऱ्यांतलाच तो एक होता.

मी ठरवलं, नवा कम्प्युटर घ्यायचा. आणि माझा मी निवडायचा.

स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी सल्ले दिले. इंग्रजीच्या सरांचं म्हणणं, लॅपटॉप घ्या, उचलून कुठंही नेता येतो. मी म्हटलं, सर, मला विमान उचलायचंय, कम्प्युटर नाही. मग मी महिनाभर वाचलं आणि वहीत यादी केली. विमानाच्या सॉफ्टवेअरला काय लागतं ते साध्या भाषेत सांगते. प्रोसेसर असा पाहिजे की एकटा एक काम झपाट्यानं उरकेल. दहा आळशी गडी असण्यापेक्षा एक चपळ बरा. रॅम बत्तीस जीबी. खालची घरं-झाडं भराभर उचलून आणायला एसएसडी. चित्र रंगवायला चांगलं ग्राफिक्स कार्ड. यादीत मी सगळ्यात भारी ते लिहिलं होतं. दुखणं ताकदीचं आहे याची मला पक्की खात्री होती.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी मी यवतमाळला निघाले. जुन्यातली माझी सगळी कामं नव्यात टाकून घ्यायची म्हणून जुन्या कम्प्युटरचा डबाही चादरीत बांधून बरोबर घेतला. बाबांना चष्म्याचं काम होतं, ते आले. पूर्ण रस्ता डबा त्यांनीच मांडीवर धरला होता. कंडक्टरनं विचारलं, याचं तिकीट? बाबा म्हणाले, पाच वर्षांच्या आतलं हाय. ते खोटं होतं, डबा नऊ वर्षांचा होता.

दुकान मोठं होतं. मालकानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि समोर एक काचेचा डबा आणून ठेवला. आत निळे-जांभळे दिवे फिरत होते. मालक म्हणाले, मॅडम, सगळे हाच नेतात, याच्यावर काहीही चालवा. माझ्या यादीतलं बहुतेक सगळं त्यात होतं. खरं सांगते, मलाही तो आवडला. बाबा मात्र उठले, डब्याभोवती एक चक्कर मारली आणि माझ्या कानाशी येऊन बोलले.

"वरचा कापूस सगळेच पांढरा ठेवते. हात खाली घाल."

कापसाची गाडी बाजारात लागली की व्यापारी वरवर पाहत नाही. बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालतो आणि तळचा कापूस ओढून काढतो, ओला आहे का, डागी आहे का. बाबांनी आयुष्यभर तो हात आपल्या गाडीत शिरताना पाहिला होता. मी मालकांना म्हटलं, उघडून दाखवा. ते म्हणाले, वॉरंटीचं सील आहे. मी म्हटलं, मग माझा जुना उघडा, त्यातली डिस्क तर काढायचीच आहे.

मागच्या खोलीत दुरुस्तीचे मिस्त्री बसायचे. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी जुन्या डब्याचे स्क्रू काढले, झाकण सारलं. मग प्रोसेसरवरचा पंखा काढला. त्याच्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, गरम हवा निघून जायला. पात्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर बोटभर जाड, दाबून बसलेला, करडा-पांढरा थर होता. मिस्त्रींनी चिमट्यानं कड धरून ओढला तर तो अख्खा निघून आला, जाड घोंगडीचा तुकडा असावा तसा.

"मॅडम, घरी कापूस भरता काय?"

मी हो म्हटलं. ते म्हणाले, दिवाळी ते होळी, कापसाच्या गावचे सगळे डबे असेच येतात. लोकांना वाटतं मशीन म्हातारं झालं. त्यांनी पात्या साफ केल्या, पंखा बसवला आणि डबा तिथंच चालू करून दिला. मी नागपूरच्या अलीकडून विमान सुरू केलं. घरं दाटली, चित्र जरा अडखळलं, पण थिजलं नाही. तोच नऊ वर्षांचा डबा.

आता माझी लाज सांगते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला हळू चालतो, हे मला माहीत होतं. उष्णता बाहेर जायला वाट लागते, हा धडा मी वर्षातून दोनदा शिकवते. खोलीभर कापूस, त्यातच पंखा फिरवणारं यंत्र, आणि त्यानं काय ओढून घेतलं असेल हे दोन वर्षांत माझ्या मनात आलं नाही. कापूस आमच्याकडे भिंतीसारखा असतो. भिंतीकडे कोण पाहतं? चूक माझी होती. मी ती तिथंच मिस्त्रींपुढे आणि बाबांपुढे कबूल केली.

जुना डबा सुधारला म्हणून काम भागलं असं नव्हतं. त्याच्या कुवतीबाहेरचं ओझं होतं, अडखळत उतरण्यात अर्थ नव्हता. पण दिव्यांचा तो भारी डबा घेतला असता तर तोही होळीपर्यंत गुदमरला असता, हे आता स्पष्ट होतं. काचेच्या डब्यात हवेला वाट कमी, आतलं भारी सामान जास्त तापणारं. त्या दिवशी मी काही घेतलं नाही. मालक थोडे नाराज झाले.

परतीच्या एसटीत आम्ही नेरच्या अर्ध्या रस्त्यावर आलो. डबा पुन्हा बाबांच्या मांडीवर. मग खिडकीकडे पाहतच म्हणाले, "कापूस कुठं ठेवू मी?"

"मी हटवा म्हटलं काय, बाबा?"

"तू म्हनशीन नाई. म्हनूनच इचारून राह्यलो."

त्यांनी मनात हिशेब सुरू केला होता हे मला कळलं. कापूस यंदा लवकर काढायचा, पडत्या भावात. माझ्यासाठी दुसऱ्यांदा. पहिल्यांदा टिनं राहिली होती, आता वर्षाची मेहनत जाणार होती. माझ्या छंदासाठी ते मी होऊ देणार नव्हते. मी म्हटलं, कापूस आहे तिथंच राहील. घर मशीनसारखं नाही करायचं, मशीन घरासारखं आणायचं. बाबा म्हणाले, तसं मशीन भेटते काय? मी म्हटलं, मी शोधते ना.

घरी येऊन मी यादीचं पान फाडलं. नव्या पानावर सगळ्यात वर लिहिलं: जाळी. ज्याच्या तोंडावर काच नाही, जाळी आहे, आणि प्रत्येक पंख्यापुढे काढून धुता येईल अशी चाळणी आहे, असा डबा. त्याखाली प्रोसेसर, एक पायरी खालचा पण कमी तापणारा. त्याच्यावर साधा, मोठा पंखा. कार्ड मधलं. रॅम तेवढीच. विजेची लाइन गेली तर विमान धडपणे उतरवता येईल एवढ्या वेळाचा यूपीएस. आधीच्या यादीपेक्षा ही यादी स्वस्तही झाली, पण त्यासाठी नव्हती केली.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा दुकानात. या खेपेला पिशवीत विमानाचं सॉफ्टवेअर भरलेली हार्ड डिस्क होती आणि पुढच्या खोलीतला ओंजळभर कापूस, सरकी काढून आईनं हातानं पिंजून दिलेला. मी मिस्त्रींना सांगितलं, जाळीचे तीन रिकामे डबे द्या, नुसते पंखे चालू करा. पंखे फिरायला लागल्यावर मी प्रत्येकापुढे कापूस चुरगाळून हवेत सोडला. मालक काउंटरमागून धावत आले. मॅडम, काय करून राह्यल्या, नवा माल आहे. मिस्त्रींनीच त्यांना थांबवलं. म्हणाले, करू द्या, मलेही पाह्यचं आहे.

अर्ध्या तासानं झाकणं उघडली. पहिल्यात तंतू आत होते, चाळणीच्या कडेनं शिरलेले. दुसऱ्याला खालून चाळणीच नव्हती, तिथून. तिसरा आतून कोरा. सगळा कापूस पुढच्या जाळीवर पांढऱ्या सायीसारखा बसला होता, आणि चाळणी लोहचुंबकावर, बोटानं ओढली की हातात. तिन्हींत तो दिसायला सगळ्यात साधा होता, काळा, धान्याच्या कोठीसारखा. मी त्याच्यावर हात ठेवला.

मालकांनी शेवटचं म्हणून पाहिलं, की मॅडम, याच्यात लाइट नाही येणार. मी म्हटलं, मला उजेड धावपट्टीचा पाहिजे.

मिस्त्रींनी माझ्यासमोर सगळं जोडलं. प्रत्येक भाग मी हातात घेऊन नाव वाचलं आणि मगच आत जाऊ दिला. मग तिथंच, दुकानात, नागपूरची उतरण तीनदा चालवली. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. मी मुद्दाम प्रत्येक वेळी टेकायच्या आधी विमान वर उचलून घेतलं. मिस्त्रींनी विचारलं, टेकवत काहून नाई? मी म्हटलं, ते घरी.

घरी बाबांनी तोवर पुढच्या खोलीत दाराजवळ विटांचा कमरेएवढा ओटा बांधून ठेवला होता. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. ढिगापुढे आईनं जुन्या लुगड्याचा पडदा टांगला होता. कापूस एका बाजूला खिडकीपर्यंत, दुसऱ्या बाजूला ओट्यावर काळा डबा. दोघांना पुरेल एवढी ती खोली होती.

त्या रविवारी सकाळी वेचणीला सुट्टी होती. बाबा बाजेवर, आई लुगड्याच्या पडद्यालगत खाली बसलेली. मी यवतमाळहून उठले. आधी डावीकडे वळून बेंबळेच्या धरणावर गेले. एवढं मोठं पाणी पडद्यावर आलं तशी बाबांनी बाज पुढे ओढली. त्यानंतर वाटेतलं सगळं तेच सांगत होते. हा नाला, ही टेकडी, इथून आमची बैलगाडी जायची. वरून कधीच न पाहिलेला मुलूख ते माझ्या नकाशाच्या आधी ओळखत होते. वर्धा नदी ओलांडली. नागपूरची घरं दाटायला लागली तसे ते बाजेवरून पुढे वाकले. आईनंही हातातलं काम खाली ठेवलं.

रेघ समोर होती. पंखे जरा जोरात फिरायला लागले, एवढाच फरक. मी इंजिन कमी केलं, नाक किंचित वर धरलं. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली आणि राहिली. विमान हळू होत होत धावपट्टीवरच थांबलं.

बाबांनी या वेळी विचारलं नाही. स्वतःच म्हणाले, "पोचलं."

संध्याकाळी ते पारावर जरा लवकर गेले. तिथं काय बोलले ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. पण त्यानंतर एसटीचं नाव कोणी काढलं नाही.

या गोष्टीला आता दोन हंगाम झाले. दर शुक्रवारी आई चाळणी ओढून काढते, तिच्यावरचा कापूस निपटून घेते, आणि स्वच्छ असेल तेवढ्याच्या वाती वळते. तुळशीपुढे त्याच लागतात. यंदाही कापूस होळीपर्यंत पुढच्या खोलीत होता. बाबांनी त्यांच्या मनाच्या भावानं विकला. यवतमाळहून उठलेलं माझं विमान या दोन हंगामांत एकदाही हवेत थिजलं नाही. कम्प्युटर मी निवडला, माझ्या पगारातून घेतला, आणि तो कापसाच्या खोलीत चालतो.